शंखावरचा भाडेकरू

दांडिया बाजार, बडोदे
२८ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप अहल्याताईस,
उदयसिंहाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझी कंबर आणि दाजींचा राग, दोन्ही आता उतरले असतील अशी आशा करतो. जामनगरपर्यंत येऊन तुझ्याकडे न येता परतलो, हे तुला कळलंच असेल. आधी कारण वाच, मग काय बोलायचं ते बोल.

आमच्या मृदुलेला एम.एस्सी.नंतर समुद्रातल्या प्राण्यांवर संशोधन करायचंय, तेही दोन वर्षं, तुमच्या किनाऱ्यावर! इकडे मी हरणीच्या भास्कररावांना त्यांच्या मुलासाठी जवळजवळ शब्द दिलेला. म्हणून कॉलेजच्या सहलीला मी मुद्दाम सोबत गेलो (इस्त्रीचा सफारी, पॉलिशचे बूट). म्हटलं, चिखल पाहून पोरीचा उत्साह आपोआप मावळेल. ओहोटी लागली आणि पहिल्या पन्नास पावलांत माझेच बूट गेले. तेवढ्यात डबक्यात एक भलामोठा शंख दिसला. आपण शिलेदारांचे वंशज. पणजोबांनी रणात शंख फुंकल्याची गोष्ट (तूच सांगितलेली, खरी-खोटी तू जाणे) पोरांना ऐकवत मी तो ओठांशी नेला, आणि शंखाने माझ्या मिशांवर सणसणीत पिचकारी मारली! आम्हाला घेऊन आलेला नावाडी म्हणाला, "कंई नथी साहेब, दरियानुं पाणी छे." पोरं हसली. मृदुला मात्र ओरडली, "बाबा, खाली ठेवा! त्याचं घर आहे ते!" बावीस वर्षांत माझ्यापुढे आवाज न चढवलेली मुलगी. मी निमूटपणे ठेवला, ताई.

मग तिने दाखवलं. शंखाच्या पाठीवर बटाट्याएवढा एक जीव बिऱ्हाड करून बसलेला; पिचकारी त्याचीच. रंग फिका गुलाबी, वर दोन तोंडं. एकाने पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाणं गाळून ठेवायचं, दुसऱ्याने पाणी सोडून द्यायचं. वाळूत घट्ट धरायला काही नाही, म्हणून हा शंखाला चिकटतो. शंख जाईल तिथे हाही. पाण्यात ठेवल्यावर बराच वेळ मिटून राहिला (माझ्यावर रागावला असावा), मग हळूच दोन्ही तोंडं उघडली. आतल्या लाल रेघा अशा उमलल्या की मी सफारीसकट पाण्यात बसकण मारली. कॉलेजातल्या बरणीत हाच प्राणी पांढराफटक असतो, असं मृदुला म्हणाली. हरणीच्या बंगल्यात माझी पोरही तशीच होईल, या विचाराने मला भीती वाटली.

असा ओलाचिंब, खारट वासाचा, अनवाणी, तुझ्या उंबऱ्यात कसा येणार? बाकी इकडे सर्व ठीक.

तुझा,
उदय

ता. क. भास्कररावांना नकार कळवला. ते बरंच बोलले. मृदुलेला दोन वर्षं तुझ्याकडे ठेवून घेशील का? वरचं सगळं त्यासाठीच लिहिलं.

ता. ता. क. हो म्हणालीस तर येत्या अमावास्येला तिला घेऊन निघतो. अमावास्येला घर सोडू नये हे तूच मला शिकवलंस, ठाऊक आहे. पण त्या सुमाराला ओहोटी मोठी असते. दाजींचे रबरी बूट मला होतील ना?