कोंबड्यांच्या मतदानाची तारीख

बिटर क्रीक, मोंटाना
१६ जानेवारी

तीर्थस्वरूप आर्डिस आत्यास वेंडेलचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाचं ऊन त्यांना मानवलंय असं तुझ्या ख्रिसमसच्या कार्डावरून कळलं आणि जीव भांड्यात पडला. इथे पारा उणे वीसवर आहे, पण तुझं घर ठणठणीत आहे. रोज जातो, हीटर बघतो, झाडांना पाणी घालतो. (जेरेनियम जरा खंगलंय. कारण विचारू नकोस.)

तर आत्या, गावात कोंबड्या पाळायला बंदी आहे हे तुला ठाऊकच आहे, तो ठराव माझ्या आजोबांचा, म्हणजे तुझ्याच वडिलांचा. आता एकशे चाळीस जणांनी सह्या करून मागणी केली आहे, की बंदी उठवायची का यावर अख्ख्या गावाचं मत घ्या. मी पडलो पालिकेचा कारकून. सह्या तपासायच्या मी, मतपत्रिका छापायच्या मी, आणि कोणाचीही बाजू न घेणारा तोही मीच. आणि तुला म्हणून सांगतो, माझ्याकडे सात कोंबड्या आहेत! घेतल्या तेव्हा वाटलं होतं, बंदी काय, आज ना उद्या उठेलच. कोणाला कळलं तर माझी नोकरी गेलीच म्हणून समज. म्हणजे मतदान जितकं लवकर, तितका माझा जीव लवकर सुटणार.

परवा तारीख ठरवायला सभा भरली. महापौर मर्ल म्हणाले, सतरा मार्च. मी मनातल्या मनात नाचलो. सगळ्यांनी माना डोलावल्या, लॅव्हॉनने आणलेल्या लिंबाच्या वड्यांकडे हात वळले, आणि तेवढ्यात मर्लनी सहज विचारलं, "काय वेंडेल, काही अडचण नाही ना?" आत्या, एकवीस वर्षांची खोड! माझं तोंड आपोआप उघडलं. म्हटलं, साठ दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते, आपलं वर्तमानपत्र फक्त गुरुवारी निघतं, उद्याचा अंक छापूनही झाला, म्हणजे सहा दिवस कमी पडतात. (कोणी विचारलं होतं का रे इतकं सविस्तर, गाढवा?)

मग काय, मीच मोठ्या हौसेने भिंतीवर लावलेलं गावाचं कॅलेंडर सगळे वाचू लागले. मार्चअखेरीपासून एप्रिलभर गाई वितात. एइनर म्हणाला, "माझे दोन्ही हात कोपरापर्यंत गाईत, मत काय पायाने देऊ?" मे महिन्यात वासरांना मालकीच्या खुणेचे डाग द्यायचे. जूनमध्ये गवत कापायचं. जुलै-ऑगस्ट जत्रा, सप्टेंबर गहू. ऑक्टोबरचं तर नावच काढू नका, अख्खं गाव शिकारीची नारिंगी जाकिटं घालून हरणांमागे रानात. शेवटी उरली तीन नोव्हेंबर, राज्याच्या निवडणुकीबरोबर. एकमताने मंजूर. इतिवृत्त मीच लिहिलं.

बाकी सर्व क्षेमकुशल. ऊन घे, लोणी कमी खा.

तुझा,
वेंडेल

ता. क. कोंबड्या कुठे आहेत ते लिहायचं राहिलं. माझ्या शेजारी लॅव्हॉन राहते आणि ती बंदीच्या बाजूची, म्हणून तुझ्या वरच्या गुलाबी न्हाणीघरात ठेवल्यात. टबात भुसा घातलाय, स्वच्छता आहे, शपथ. तू दरवर्षी मे महिन्यात परततेस. यंदा नोव्हेंबरपर्यंत तिथेच राहशील का? तिथला उन्हाळा लोक म्हणतात तितका वाईट नसेल.

दुसरा ता. क. पाकीट बंद करणार एवढ्यात लॅव्हॉन आली. तिला तुझ्या वरच्या खिडकीत कोणीतरी हलताना दिसलं म्हणे. मी घाबरून सांगून बसलो, की आत्या लवकर परतली आहे, आजारी आहे, कोणाला भेटत नाही. आता पुढच्या शनिवारी चर्चच्या सगळ्या बायका सूप घेऊन तुला बघायला येणार आहेत. तेव्हा वर लिहिलेलं सगळं रद्द. मिळेल त्या विमानाने ये, आणि येताना थोडी खोकत ये.