बास म्हणजे बास

कोल्हापूर,
रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर

ती. सौ. प्रीतीअक्का हिस,

धाकट्या प्रसेनजीतचा सप्रेम जय भीम. दाजींनाही जय भीम, पोरांचे गालगुच्चे. तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कटकट आवाज येतो का? (आवाजाचा विषय मुद्दाम काढलेला नाही, पण निघालाच आहे तर बरं झालं.) इकडे आई ठणठणीत आहे, दीप्ती मजेत आहे, मी अजून जिवंत आहे आणि गल्लीतली भांडणं वेळच्या वेळी होत आहेत.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. अक्का, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. मी 'अगं' म्हणतो, तोवर तू 'कळलं' म्हणून मोकळी होतेस. यावेळचा मामला असा आहे की तो पहिल्यापासून ओळीनं ऐकलास तरच माझी धडगत आहे. शिवाय दीप्तीचं म्हणणं असं, की पत्रावर ओरडलं तरी ते ओरडणं गडहिंग्लजातच राहतं. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो. गोष्ट तू आमच्या होम थिएटरला शिवून दिलेल्या गवसण्यांची आहे. पत्र फाडू नकोस. पुढच्या आठवड्यात तू यायची आहेस, आणि आल्या आल्या पाणी प्यायच्या आधी तू त्या गवसण्यांचे कोपरे सारखे करतेस हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तू दारात उभी राहून रडू नयेस, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

त्या गवसण्यांना नावं ठेवणारा माझ्या घरात पाऊल टाकणार नाही, हे आधी लिहून ठेवतो. लग्नानंतर आम्ही हौसेनं पाच स्पीकर घेतले, तू बघायला आलीस आणि पहिलं वाक्य बोललीस, "धूळ बसंल की रं." जाताना मापं घेऊन गेलीस. परत आलीस ती आईच्या जुन्या लुगड्यांच्या पाच गवसण्या घेऊनच. वाकळेसारखे पदरावर पदर, बारीक टाके, इरकलचे काठ आणि प्रत्येकीवर एक पोपट. (मधल्या स्पीकरचा पोपट लांबुडका झाला, कारण स्पीकर लांबुडका होता. त्यात पोपटाचा दोष नाही.) आमच्याकडे आलेला माणूस टीव्ही कुठल्या कंपनीचा हे विचारत नाही, पोपट कुणी काढले हे विचारतो. थंडीच्या दिवसांत तर आमच्यापेक्षा स्पीकर जास्त सुखात असायचे.

अडचण एवढीच होती की पिक्चरमधलं कुणी काय बोलतंय ते कळत नव्हतं. गाणी लागली, मारामारी लागली की भिंती हलायच्या. पण हिरो आईजवळ बसून मनातलं सांगायला लागला की तोंडात पाण्याची चूळ धरून बोलल्यासारखा वाटायचा. आपली आई विचारायची, "काय म्हनला गं त्यो?" दीप्ती सांगायची. ती सांगेपर्यंत हिरोचं पुढचं वाक्य निघून जायचं, म्हणून आई पुन्हा विचारायची, दीप्ती पुन्हा सांगायची. असं करता करता दीप्ती सगळ्यांचे संवाद म्हणायला लागली आणि शेवटी खलनायकाला आईच्या सोयीनं थोडं चांगलं वागवायला लागली. आईचं मत पक्कं झालं की हल्लीच्या नटांना बोलायलाच येत नाही. पण नंतर नंतर ती विचारेनाशी झाली. नुसती पडद्याकडे बघत बसायची आणि आम्ही हसलो की मागून हसायची. ते मला बघवेना, अक्का. म्हणून मी ठरवलं, आवाज सुधारायचा.

नवीन संच घ्यायचा विषय काढला, तर दीप्ती म्हणाली की आता उधळपट्टी नको, पुढं खर्च यायचाय. असं म्हणून ती हसली. मला वाटलं, फ्रिज. तेव्हा स्वस्तात काय जमतंय ते मोबाईलवरच्या व्हिडिओंत शोधायला लागलो. एकानं सांगितलं, स्पीकर कानाच्या उंचीवर पाहिजेत. एक स्पीकर तू पाठवलेल्या आजरा घनसाळ तांदळाच्या डब्यावर चढवला आणि रोज भात करायच्या आधी तो उतरवायचं काम दीप्तीच्या गळ्यात पडलं. दुसऱ्यानं सांगितलं, भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा. लावले. दुसऱ्या दिवशीपासून गल्लीतली माणसं दारात येऊन डझनाचा भाव विचारायला लागली. आईनं त्यातल्या दोघांना उद्या या असं सांगितलंसुद्धा. तिसरा म्हणाला, मागचे स्पीकर बरोबर पाठीमागं लावा, मग बघा मजा. ती मजा आईनं बघितली. पिक्चरमध्ये कुणीतरी दार ठोठावलं आणि आई उठून आपलं दार उघडायला गेली. बाहेर कुणी नाही. पुन्हा येऊन बसली, पुन्हा ठकठक, पुन्हा उठली. चौथ्या खेपेला मात्र खरंच आपले शेजारी ज्ञानूमामा दूध घेऊन उभे होते आणि आई त्यांच्या तोंडावर दार लावून आली. ज्ञानूमामा अजून आमच्या दुधात तो राग मिसळतात असा मला संशय आहे.

एवढं होऊनही हिरोच्या तोंडातली चूळ जाईना. मग अल्ताफला बोलावलं. अल्ताफ माझा शाळेपासूनचा दोस्त, लग्नाच्या मांडवात साऊंड लावतो. त्याच्या हाताखालून गेलेल्या लग्नात नवरदेवाला मंगलाष्टका ऐकू येत नाहीत, असा त्याचा लौकिक आहे. त्यानं खोलीत उभं राहून एक टाळी वाजवली, डोळे मिटले आणि निदान केलं, "भावा, आवाजाला बूडच न्हाय." (टाळी कशाला वाजवली ते त्यालाही सांगता आलं नाही.) मग त्याच्या गोडाऊनमध्ये पडलेला एक जुना वूफर त्यानं माझ्याकडे वापरायला आणून ठेवला. आकार आपल्या धान्याच्या कोठीएवढा. बसेल अशी जागा एकच, कपाटाच्या मागं. त्याचं बटण मागच्या अंगाला, म्हणून अल्ताफही कपाटाच्या मागं. तो तिथून बटण फिरवणार, मी समोर बसून ऐकणार आणि सांगणार, असं ठरलं. आई पुढं, दीप्ती तिच्या शेजारी. पिक्चर लावला.

आता इथं नीट लक्ष दे, कारण पुढचं सगळं एका शब्दामुळं झालं. त्या बटणावर इंग्रजीत जे लिहिलेलं असतं ते शहाणी माणसं 'बेस' असं वाचतात. अल्ताफ आणि त्याची मांडवातली सगळी बिरादरी ते दिसेल तसं वाचते. बास. त्यांच्यात गिऱ्हाईक 'बास' म्हणालं की बटण वर जातं. हे मला कुठं ठाऊक? अल्ताफनं आवाज वाढवला, छातीत धडधडायला लागलं, मी म्हणालो, बास. आवाज वाढला. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून जोरात म्हणालो, बास! आणखी वाढला. मांडणीवरचं उलथनं आपल्या पायांनी चालल्यासारखं कडेला आलं. मी बोंबललो, "आरं बास बास बास!" कपाटामागून कौतुकानं उत्तर आलं, "व्हय व्हय, देतो की भावा!" आणि त्यानं बटण पार शेवटाला नेलं. पलीकडच्या गोठ्यात ज्ञानूमामांची म्हैस दावं तोडून थेट आमच्या दारात आली आणि आत डोकावून बघायला लागली. अंड्यांचे ट्रे एकेक करून भिंतीवरून सुटले. आई दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडत होती, "बास की रं मुडद्या!" आणि तो मागून विचारत होता, "काकूंनाबी आवडलं जनू?"

तेवढ्यात टीव्हीखालचा मधला स्पीकर थरथरत थरथरत कडेला आला आणि सुटला. मी झेप घेतली. हातात गवसणी आली. स्पीकर तिच्यातून निसटून आईच्या मांडीवर जाऊन पडला. दीप्तीनं वूफरची पिनच उपटली. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, अक्का, आईच्या मांडीवर पडल्या पडल्या हिरो बोलला. स्वच्छ. शेजारी बसून बोलावं तसा. आई स्पीकरकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "आता गं बया! ह्यो तर चांगला बोलतोय की." सवयीनं दीप्ती संवाद सांगायला लागली तशी आईनं तिला गप्प केलं, "थांब गं, मला ऐकू दे."

मग सगळ्यांनी माझ्या हातातल्या पोपटाकडे बघितलं. अल्ताफ बाहेर आला, त्यानंही बघितलं आणि तो म्हशीला घेऊन ज्ञानूमामांकडे निघून गेला. आम्ही एकेक करून उरलेल्या चारही गवसण्या उतरवल्या. त्या रोज बघून बघून आम्हाला दिसेनाशाच झाल्या होत्या. खरं सांगतो, तुझ्या हातचे ते टाके बघून माझा हात जड झाला. पण त्या दिवशी आईनं अख्खा पिक्चर बघितला, आमच्या आधी हसली, एकदा रडलीसुद्धा, आणि शेवटी म्हणाली की नटांना येतं बोलायला. तू आलीस की गवसण्या परत चढवायच्या आणि गेलीस की उतरवायच्या, असा एक बेत निघाला होता. (सुचवणाऱ्याचं नाव सांगत नाही. तिनंच आपल्याला जन्म दिलाय.) पण तुला फसवायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून हे सगळं लिहिलं. वूफर अल्ताफ परत घेऊन गेला, अंड्यांचे ट्रे ज्ञानूमामांनी म्हशीच्या चुलीला नेले. आवाज सुधारायला शेवटी खर्च काहीच आला नाही, फक्त तुझी माफी तेवढी मागायची राहिली होती. ती मागितली असं समज आणि रागावली असलीस तरी ये.

तुझा,
प्रसेनजीत

ता. क. : म्हशीच्या चुलीला म्हणजे म्हशीची पेंड शिजवायच्या चुलीला. म्हैस स्वयंपाक करत नाही. तू नेमकं हेच विचारलं असतंस.

ता. क. दुसरा : गवसण्या धुऊन, उन्हात वाळवून ठेवल्या आहेत. येताना तुझी जाड सुई आणि दोरा घेऊन ये. चार गवसण्या चार कोपऱ्यांना आणि लांबुडक्या पोपटाची मधोमध, अशा जोडल्या तर एक लहानशी वाकळ होते. आम्ही जमिनीवर पसरून बघितलं. मापाला बरोबर बसते. दीप्तीला शिवता येतं, पण आई म्हणते की हे काम आत्याचंच असतं.

होय, आत्याबाई. बरोबर वाचलंस. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असा आईचा कायदा होता, तो काल सरला. दीप्ती हसली होती ती फ्रिजसाठी नव्हे, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

ता. क. तिसरा : आईनं हे पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं, आणि तुला एक निरोप लिही म्हणाली. तिच्याच शब्दांत लिहितो. "पिर्तीला म्हनावं, वाकळ अंगावर घालाय शिव. पोरगं रडाय लागलं म्हनून त्येच्या आवाजावर कायबी झाकायचं न्हाय. लई दिसांनी मला नीट ऐकू याय लागलंय."