नाक न मुरडणारी मुलं

सोमवार, ४
नोकरी लागली! हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला तीन खोल्या, त्यातली कोपऱ्यातली माझी. टेबलावर ठोकळ्यांची पेटी, चित्रांचे पत्ते आणि दुधाचे लहान पेले. गरोदरपणात मळमळीवरची एक नवी गोळी घेतलेल्या बायकांची मुलं आता पाच वर्षांची झालीत. त्यांच्याकडून मनोरे रचून घ्यायचे, त्यांना एका पायावर उभं करायचं, गोष्ट सांगून प्रश्न विचारायचे आणि तक्त्यात खुणा करायच्या. पोरं खेळवायचा पगार! डॉक्टर मॅडम कडक आहेत, पण चहा स्वतः ओतून देतात. मला तिसरा महिना आहे हे मात्र त्यांना बोलले नाही. नव्या नोकरीत झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुरुवार, ७
सकाळी नळ मोठा सोडून ओकते, म्हणजे बाहेर आवाज जात नाही. आज थोरल्या सिस्टरनी पकडलंच. गालात हसल्या आणि त्याच गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्ये सरकवली. तपासणीतली गोळी इथल्या कुणी घ्यायची नाही असा नियम आहे. पहिल्याच दिवशी मी त्यावर सही केली होती. तरी घेतली. दुपारी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. लाज वाटत होती, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

शुक्रवार, १५
मुलं कमालीची हुशार आहेत. आज एका मुलीच्या दुधात माशी पडली. मी पेला उचलायच्या आत तिने दूध संपवलं, माशीसकट, आणि ओठ पुसले. तिची आई कौतुकाने सांगत होती की आमची कधी नाक मुरडत नाही, पुढ्यात येईल ते खाते. तक्त्यात किळसेसाठी रकानाच नाही. मी ‘सर्व ठीक’ लिहिलं.

मंगळवार, १९
मला राहवलं नाही. सहा मुलांच्या पाण्यात मी स्वतः मेलेली माशी टाकली. तुलनेसाठी बोलावलेल्या एकाच्या आईने गोळी घेतली नव्हती, त्याने किंचाळून पेला भिरकावला. बाकीची पाचही प्यायली. परक्याच्या लेकरांवर असले प्रयोग करणारी मी कोण? आरशात स्वतःचं तोंड बघवेना. मॅडमना सांगायचं तर आधी माशी कबूल करायची, मग गोळी. तक्त्यात पुन्हा ‘सर्व ठीक’ लिहिलं.

शुक्रवार, २२
माशीवाली पुन्हा आली. बाकावरच्या पोराचा गुडघा फुटला होता. हिने जखमेत बोट घातलं, चोखलं. तो रडत होता. मी ओरडले. कुठलंही मूल अशा वेळी मान खाली घालतं. ही माझ्या डोळ्यांत बघत राहिली, आणि दुसरं बोट —
तिच्या आईला पुन्हा दिवस गेलेत. तिने विचारलं, तीच गोळी घेऊ का. मॅडम शेजारीच उभ्या. चोराच्या मनात चांदणं. मी म्हणाले, घ्या की. त्या बाईने माझे आभार मानले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार, २५
गोळ्या कधीच्या फेकल्या. उलटी परत येत नाही. घशात बोटं घातली. नाही.

बुधवार, २७
तुंबलेली मोरी हाताने उपसली. नवरा नाक दाबून दारात उभा. तो म्हणाला, तुला काहीच कसं होत नाही. मला वास आला. नुसता वास.
आणि पोटातलं बाळ — त्याला तर माझंच रक्त —

गुरुवार, २८
उद्या त्या बाईच्या घरी जाणार. सगळं सांगणार. नोकरी गेली तरी चालेल. तिचं तरी वाचू दे.

शुक्रवार, २९
गेले. ती बादलीवर वाकलेली. गोळी अजून घेतली नव्हती. मन धजत नाही म्हणाली, तुम्ही सांगाल तसं करते.
तोंड उघडलं. सांगावंसं — वाटेचना. दया आली नाही. भीतीही नाही.
पाणी दिलं. गोळी तिच्या जिभेवर मीच ठेवली. मुलगी दारातून बघत होती. हसली. मीही —

घरी आले. लाज वाटायला हवी. मघापासून वाट बघत बसलेय. पोटात नाही. छातीत नाही. उद्या वाटेल. उद्याही नाही वाटली तर मी कुणाला