भामाआत्याच्या नावाची पत्रं

नल्लकुंटा, हैदराबाद
११ जुलै १९९३

ती. भामाआत्याला प्रणिताचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेले लाडू मिळाले. डबा आधी बाबांनी तपासला, मग मला दोन दिले. इंटरचं दुसरं वर्ष, तुमच्याकडची बारावी, म्हणून त्यांनी भिंतीवर माझं वेळापत्रक चिकटवलंय. केस धुवायलासुद्धा रविवारची वीस मिनिटं!

मेधामावशी मात्र मजेत आहे. बाबांशी लग्न होऊन पाच महिने झाले, तरी अजून पुण्यातच असल्यासारखी वागते. दुपारी हिमायतनगरला कॉम्प्युटर शिकायला जाते. क्लासचे सर स्कूटरवरून कोपऱ्यापर्यंत सोडतात. चांगलेच असतील, हौ. बाबांना मी सांगितलं नाही. तूही नक्को सांगू, उगाच परेशान होतील.

पाकीट मी चिकटवलंय, नेहमीप्रमाणे बाबाच टपालात टाकतील. तुझी माया मला पुरून उरते, ती तशीच असू दे.

तुझी लाडकी,
प्रणिता


नल्लकुंटा, २ ऑगस्ट

चि. भामास अनेक आशीर्वाद.

एकनाथरावांचा गुडघा कसा आहे? शेक चालू ठेवावा.

मेधाचा क्लास मी बंद केला. ऑफिसला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतो. तिची माहेरची पत्रंही आता मीच पाहतो. तिने रडून पाहिलं. मी आवाज चढवला नाही. या घरात विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत, एवढंच सांगितलं. प्रणिताची आई हे शिकली होती, शेवटच्या आजारापर्यंत विसरली नाही.

प्रणिता कॉलेजातून आधी येते, म्हणून दुसरी किल्ली तिच्याकडे दिली आहे. पोर गुणी. मावशीविरुद्ध तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही.

तुझा दादा,
भगवंतराव


नल्लकुंटा, १९ ऑगस्ट

ती. आत्याला शि. सा. न.

मावशीने काल हात जोडले. पाच मिनिटं दार उघड, पुण्याला फोन करून येते, म्हणाली. मी म्हटलं, बाबांना विचारून सांगते. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला फार वाईट वाटतं ग.

आणखी एक, फक्त तुला. सकाळी बाबांच्या चहात तिने पांढरी पूड टाकली आणि मला बघताच हात पदराआड नेला. साखरच असेल. एवढ्याशासाठी बाबांचं मन कशाला मोडू?

आहेस तशीच माझी राहा.

प्रणिता


नांदेड, २८ ऑगस्ट

ती. दादांना भामाचा सा. न.

हे मुद्दाम ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते. प्रणिताच्या पाकिटाला दोनदा खळ लागलेली असते. तुम्ही ते उघडता हे मला कळलंय, आणि तिलाही. मग बाबांना सांगू नकोस, असं ती त्याच पाकिटात का लिहिते? दादा, नाव माझं असलं तरी ती पत्रं तुमच्यासाठी आहेत. कुलपं तुम्ही लावता, पण कुणाला लावायची ते ती ठरवते.

काल तुमच्या शेजारच्या केशवरावांचा फोन आला. मेधाला आठवडाभर आतल्या खोलीत कोंडलंय, ताट प्रणिता सरकवते, असं कळलं. येत्या रविवारी मी आणि हे येतो, यांचा गुडघा दुखत असला तरी. मेधाला घेऊन जाऊ. अडवलंत तर पोलिसांना घेऊन जिना चढेन.

तुमची,
भामा


पुणे, १२ सप्टेंबर

सौ. वन्संना मेधाचा सप्रेम नमस्कार.

माहेरी आठवडा झाला. झोप लागते, पण खोलीचं दार लावून घेववत नाही.

त्या दिवशी मला वाटलं, हे वाट अडवतील. पण ते आपल्या दोघींकडे पाहतच नव्हते. प्रणिता काय म्हणते, याची वाट बघत उभे होते. जाऊ द्या बाबा, असं ती म्हणाली, तेव्हाच बाजूला झाले.

एक गोष्ट तुमच्यासमोर बोलले नाही. मी रिक्षात बसताना ती वाकून पाया पडली आणि हळूच म्हणाली, आईला न्यायला कुणी आलं नव्हतं. तुला न्यायला आत्या यावी म्हणून मी किती पत्रं लिहिली. आणि मग हसून म्हणाली, आता घरात बाबा आणि मीच.

वन्सं, तुमचा आधार मिळाला तो जन्मभर पुरेल. पण नल्लकुंट्याला लवकर पुन्हा जाऊन या. त्या दोघांतलं कुणाला बाहेर काढायचं, ते मात्र मला सांगता येत नाही.

तुमची,
मेधा