मानेतल्या गाठीची काच

४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

एमबीबीएस संपलं, आता वीस तारखेपर्यंत पुढच्या शिक्षणाचा विषय कळवायचा आहे. लहानपणी तुझ्या मायक्रोस्कोपला नाक चिकटवून बसायचे, तेव्हापासून मला पॅथॉलॉजीच हवी आहे. पण बाबा म्हणतात, दहा वर्षांत मायक्रोस्कोपखालच्या काचा मशीनच वाचणार, तू काय त्याच्यावरची धूळ पुसत बसणार? मैत्रिणीही तेच म्हणतात. तू तीस वर्षं हेच करते आहेस. मला पुढे नोकरी मिळेल का, ते उगाच समजूत न घालता सांग.

माझ्यावर लोभ असेल, तर उत्तर लवकर येईल.

तुझी,
ठमा

९ जून

चि. ठमाबाईस अनेक आशीर्वाद.

मशीन आमच्याकडे वर्षापूर्वीच आलं. टेक्निशियन त्याला जावई म्हणतात, कारण थंडगार खोली फक्त त्यालाच. पण कामाला वाघ आहे. माझ्या नजरेतून सुटलेले दोन कॅन्सर त्यानं पकडले. मी चांगलीच खजील झाले.

गेल्या आठवड्यात मात्र एका शिक्षिकेच्या स्तनातल्या गाठीत त्यानं कॅन्सर दाखवला. मी पाहिलं तर त्यानं दाखवलेला कण कडेला एकटाच पडलेला, आणि चक्क आतड्याचा. गाठीच्या पातळ चकत्या आम्ही कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतो. आदल्या, आतड्याच्या पेशंटनंतर ते पाणी साफ करायचं आमच्याकडूनच राहिलं होतं, त्याचाच कण या काचेवर आला. नवी चकती कापली, गाठ साधी निघाली. बाईंचं ऑपरेशन टळलं.

नोकरीचं म्हणशील, तर आमच्याकडे डॉक्टरांच्या तीन खुर्च्यांपैकी दोन गेली दोन वर्षं रिकाम्या आहेत. दहा वर्षांनी काय होईल ते मला ठाऊक नाही, खोटं कशाला बोलू?

एक सांगायचं राहिलं. माझ्या मानेत गाठ आली आहे. आपली काच आपण वाचायची नाही असा आमचा नियम, म्हणून दुसऱ्या लॅबकडे पाठवली. तिथेही एकच डॉक्टर, आणि ते रजेवर. अठरा दिवस झाले. भीती वाटते गं, घास उतरत नाही. आईला सांगू नकोस.

या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मावशी

१७ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं, त्याबद्दल हवं तेवढं रागाव. तू कुरकुरत का होईना परवानगी दिलीस, म्हणून आम्ही दोघी त्या लॅबमध्ये जाऊन तुझी काच घेऊन आलो आणि आमच्या कॉलेजातल्या पॅथॉलॉजीच्या सरांपुढे ठेवली. निकाल फोनवर सांगितलाच, पण रडण्यात निम्मं ऐकू गेलं नसेल. कोण रडत होतं ते विचारू नकोस. गाठ साधी आहे. सरांनी मलाही दाखवली.

काच तिथे टेबलावरच्या ट्रेमध्ये होती. सव्वीस दिवसांत तिला कुणाचा हातही लागला नव्हता. सरांना ती वाचायला चार मिनिटं लागली. बाबांना मी एवढंच सांगितलं आणि माझा विषय कळवून टाकला.

आता पोटभर जेव, आणि लोभात काटकसर करू नकोस.

तुझी,
ठमा