बरी आहे म्हणायचं नाही

प्रिय जाऊबाई,

नमस्कार. आधी हातातलं काम ठेवा आणि बसून वाचा. उभ्याने वाचाल आणि मग गुडघा दुखला तरी कुणाला सांगणार नाही, मला का माहीत नाही!

माझ्या किडनीच्या कॅन्सरवर बायॉलॉजिकल थेरपी चालू आहे, हे आमच्या गंधारने तुम्हाला फोनवर समजावलंच असेल. पोरगा इंजिनियर, त्यामुळे चित्रंही पाठवली असतील. तुम्ही हो हो म्हणाला असाल आणि ओ की ठो कळलं नसेल. माझंही तेच झालं होतं. मग इथल्या पंजाबी डॉक्टरीणबाईंनी सोप्या हिंदीत सांगितलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी आपल्या अंगात असतातच, पण कॅन्सर महाबिलंदर, तो त्यांना गुंगवून ठेवतो. सलाइनमधून देतात ते औषध कॅन्सरला स्वतः मारत नाही, आपल्याच पेशींना जागं करतं. मी मनात म्हटलं, म्हणजे आपल्या सासूबाईच की! कोपऱ्यात डोळे मिटून पडलेल्या असायच्या, पण एकदा उठल्या की चोर काय आणि घरचे काय, सगळ्यांना सारखंच झोडपायच्या. डॉक्टरीणबाईंनीही नेमकं तेच बजावलं. जाग्या झालेल्या पेशी कधी कधी घरच्यांवरच उलटतात, आतड्यावर, फुप्फुसावर. म्हणून पोट, खोकला, पुरळ, जरा काही वेगळं वाटलं की लगेच फोन करा, लपवू नका.

आता हे सांगायचं कुणाला, तर मला! आपल्या कराडच्या सासरघरी तुम्ही पाय मुरगळलेला असताना उभ्याने पुरणपोळ्या लाटल्यात, मी अंगात ताप घेऊन धुण्याचे पिळे वाळत घातले. दमले गं बाई, असं आधी कोण म्हणतंय, याची दोघी टपून वाट बघायचो. शेवटपर्यंत कुणी म्हटलं नाही.

तर चौथ्या सलाइननंतर माझं पोट बिघडलं. मी सरळ शेजारच्या कौर भाभींच्या राजम्यावर खापर फोडलं आणि मऊ भात, सुंठ, जायफळ सुरू केलं. हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला की सब ठीक है जी म्हणायचे आणि फोन टाकून संडासाकडे पळायचे. आमची प्राची साधी शिंक आली तरी घरभर जाहीर करते, म्हणून मी तिला नाजूक नार म्हणायचे. त्याच सुनेने माझं तोंड पाहिलं, गाडी काढली आणि मला आत कोंबलं. डॉक्टरीणबाईंनी काय खरडपट्टी काढली म्हणता! आतड्याला सूज आली होती. ॲडमिट केलं, स्टेरॉइड दिलं आणि थेरपी थांबवली. वेळेवर सांगितलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं म्हणे. बिचाऱ्या कौर भाभी मात्र अपराधी तोंडाने खीर घेऊन आल्या.

तेव्हापासून मी नर्सला सगळं सांगते. अंगठ्याला खाज आली तेही कळवलं. ती गुणाची पोर, हसते पण लिहून घेते. इथल्या दुधीला चव नाही, हेही सांगून पाहिलं, तेव्हा तेवढं आमच्या खात्यात येत नाही म्हणाली.

पण एक गोष्ट तिला सांगितलेली नाही. मागच्या तपासणीत किडनीतून फुप्फुसात पसरलेल्या गाठी लहान झालेल्या दिसल्या होत्या. औषध लागू पडत होतं, जाऊबाई. आता ते पुन्हा सुरू करायचं की कायमचं बंद, हे डॉक्टर पुढच्या महिन्यात ठरवणार. माझ्या त्या सब ठीक है जी म्हणण्यापायी हातातलं औषध गेलं तर काय, या विचाराने रात्री उठून बसते. गंधारला सांगावं तर तो त्याचंही चित्र काढेल. म्हणून तुम्हाला लिहितेय. आपली शर्यत मी हरले. मला फार भीती वाटते आहे. तुम्ही या. विमानतळ घरापासून जवळ आहे, गंधार तिकीट काढेल. आणि आलात की गुडघा कुठे दुखतो ते दारातच सांगायचं. या घरात आता बरी आहे म्हणायला बंदी आहे.

तुमचीच, हरलेली धाकटी,
शशिकला