मफलरचा कंगवा

४ फेब्रुवारी, रविवार

गेला मफलर. साधं ढुंकूनही पाहिलं नाही माझ्याकडे. अर्ध्या वाटेवरच्या पेट्रोलपंपावर ताईची गाडी दिसली मात्र, माझ्या हातातून पट्टा हिसकावून घेतला आणि थेट मागच्या सीटवर उडी. आठवडाभर माझ्या हातचं उकडलेलं चिकन मग खाल्लं कुणी?

ताई म्हणाली, "अगं, पोरांना बघून नाचतोय तो." मला काय कळत नाही? पोरांना बघून नाही, तिला बघून नाचतो. सगळेच तिला बघून नाचतात, पहिल्यापासून.

आई गेल्यावर दादाने फोनवरूनच निवाडा करून टाकला. एक आठवडा हिच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे, आणि मे महिन्यात ठरवायचं — मफलर जिथे जास्त रमेल तिथे कायमचा. आईची भांडी, कपाटं, साड्या, सगळ्याची वाटणी एक कप चहा संपायच्या आत झाली. घोडं अडलं ते कुत्र्यावर. मला त्या घरातलं दुसरं काही नकोच होतं. ताईला नवरा आहे, दोन पोरं आहेत, अंगण आहे. वर मफलरही हवा.

६ फेब्रुवारी

घर खायला उठतं. इतर कुत्री निदान सोफ्यावर केस तरी सोडून जातात. याचे गळतच नाहीत. त्याची आई पूडल, बाप स्पॅनियल — कुरळे केस आईचे, लांब कान बापाचे, आणि हट्टीपणा दोघांचा मिळून. आपल्या आईला धाप लागायची म्हणून असला शोधून आणला होता. ती म्हणायची, "गळत नाहीत म्हणजे काम नाही असं नाही हं. गळत नाहीत ते आतच अडकून बसतात."

ताईने फोटो पाठवलाय. मफलर तिच्या मांडीवर, पोट वर करून. खाली लिहिलंय, "बघ कसा लाडात आलाय." बघितलं. फोन उशीखाली ठेवला.

११ फेब्रुवारी, रविवार

आला! घरभर वास घेत फिरला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला. ताईच्या चपलेवर झोपतो का, हे विचारायला हवं. नको, विचारत नाही. हो म्हणाली तर काय घ्या.

पट्टा देताना ताईचे उपदेश चालूच. "चिंगे, रोज विंचर गं त्याला. मुळापासून. आणि कान बघ." जसं काही मला माहीतच नाही. शेवटची वर्षं आईजवळ मी होते. आई खालच्या स्टुलावर बसायची, बोटांनी केसांत भांग पाडायची, कातडी दिसली की मग स्टीलचा कंगवा. बोटभर झालं की पुढचा भांग. तास तास चालायचं. तो आईकडून करून घ्यायचा निमूटपणे.

१२ फेब्रुवारी

आईसारखं विंचरायला बसले. कानामागे पहिलीच गाठ ओढली आणि असा केकाटला की शेजारच्या काकू दारात आल्या. मग पलंगाखाली जाऊन बसला. जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर नाही. मी हाक मारली तर मान फिरवली.

मे महिन्यात ठरायचंय, आणि हा माझ्याकडे पाठ करून बसलाय.

१३ फेब्रुवारी

युक्ती सापडली. कंगवा कपाटात. मऊ ब्रश घ्यायचा आणि वरवर फिरवायचा, हळू, गुणगुणत. पाच मिनिटांत घोरायला लागला माझ्या मांडीवर. आणि दिसतो कसा — कापूस पिंजल्यासारखा फुललेला. फोटो काढला, ताईला पाठवला. आता ठेव म्हणावं तूही उशीखाली.

मुळापासूनचं काय ते ताईकडे होईलच. ती शिस्तीची. ओढू दे तिला, खाऊ दे त्याच्या शिव्या. वाईट कुणीतरी व्हायचंच असेल तर ती होऊ दे की.

३ मार्च, रविवार

पंपावर पोरांनी मफलरची नवी करामत दाखवली. ताई "हात दे" म्हणते, हा पंजा देतो. ती "दुसरा" म्हणते, हा दुसरा देतो. हवा भरणारा माणूससुद्धा कौतुकाने बघत उभा. अक्कल आहेच त्याला, दोनदा सांगितलं की पुरे. पण शिकायचं ते ताईकडूनच? मी "हात दे" म्हटलं तर माझ्याकडे बघून जांभई दिली.

नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी आल्यावर भांडी जरा आपटूनच घासली.

५ मार्च

कामावर, चष्म्याच्या दुकानात, आज एका बाईंना नंबर तपासताना चुकून विचारलं, "आता दिसतोय का नीट, मफलर?" बाई हसल्या. मीही हसले. मग बराच वेळ हसू येईना.

लहानपणी रविवारी न्हाण झालं की आई ताईला पुढ्यात घ्यायची. ताईचे केस दाट, लांब, आईचा सगळा जीव त्यात. माझे चार केस ताईकडे दिलेले. ती ओढून ओढून वेणी घालायची, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मला आईची मांडी हवी असायची आणि मिळायचा तो ताईचा कंगवा. दुसरी इयत्ता ते आठवी. राग येतो अजून.

१० मार्च, रविवार

मफलर आला. कान सारखा झटकतोय. जवळ घेतलं तर कुबट वास. नक्की ताईकडे आंघोळ घालताना कानात पाणी गेलं असणार. पोरांच्या हातात दिलं असेल, दुसरं काय! बोलले नाही तिला. लक्षात मात्र ठेवलंय. मे महिन्यात दादाला सांगायला उपयोगी पडेल.

१४ मार्च



कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेला होता. जरा गोल कापून घेऊ, ताईकडे जायच्या आधी छान दिसू दे, एवढाच विचार. पार्लरवालीने स्टीलचा कंगवा पाठीवर टेकवला. बोटभर आत गेला आणि अडकला. दुसरीकडे टेकवला, तिथेही अडकला. तिने वरचे केस बाजूला करून मला बोलावलं. "या इकडे. हात लावून बघा."

आत केस नव्हतेच. नमदा होता, चेपून बसलेल्या लोकरीसारखा, जाडजूड, कातडीला चिकटलेला. काखेत, कानांमागे, पोटाखाली. चालताना दर पावलाला ओढ बसत असणार. माझ्या ब्रशखाली घोरायचा ना तो — त्या ब्रशचं टोक त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

"नुसतं वरवर फिरवलंय कुणीतरी," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

सगळं काढावं लागलं. मशीन हळूहळू सरकवत गेली आणि अख्खं आवरण एकसंध निघालं, स्वेटर उतरवावा तसं. आतून निघाला तो मफलर केवढासा! गुलाबी, जागोजागी लाल चट्टे, थरथर कापत होता. तिथून डॉक्टरांकडे. कान आतून सुजलेत. थेंब, मलम, आणि चाटू नये म्हणून गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं.

बाहेर येऊन ताईला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. "एवढं अंगण, एवढी माणसं, आणि एकालाही कंगवा फिरवता आला नाही?"

ताई म्हणाली, "आणि तुझ्याकडे? तुझ्याकडे कोण फिरवत होतं?"

मी फोन ठेवून दिला.

१५ मार्च

ताई आली. एकटीच, पोरांना न घेता. दारातच मफलरला बघितलं आणि मटकन खाली बसली, पर्स खांद्यालाच.

तिच्याकडेही मऊ ब्रशच. ती म्हणाली, "एकदा ओढलं तर पलंगाखाली गेला. धाकटा म्हणाला, आई, तू त्याला आवडत नाहीस. मग धीरच झाला नाही. म्हटलं, चिंगी करत असेल. ती आईजवळ होती, तिलाच येतं ते."

मी म्हटलं, "मला वाटलं, तू करतेस."

दोघींना मांडी हवी होती. कंगवा कुणालाच नको होता. आणि हा बिचारा दर रविवारी इकडून तिकडे, पाठीवर ते ओझं घेऊन, वर आम्हा दोघींना बघून नाचत.

जाताना ताई दाराशी थांबली. "तुझा मला किती हेवा वाटतो, सांगू? शेवटी आई तुझ्याजवळ होती. मला फोनवर मिळायची, तीही धापा टाकत. म्हटलं, निदान हा तरी मला मिळावा." माझा हेवा? हिला? मी नुसती दाराची कडी धरून उभी राहिले.

१८ मार्च

दादाचा फोन. ताईने त्याला कळवून टाकलंय की मफलर चिंगीकडेच राहू दे. मेची वाटसुद्धा बघितली नाही. "खूश ना आता?" दादा म्हणाला.

जिंकले.

२४ मार्च, रविवार

दुपारी चार वाजता मफलर दाराशी जाऊन बसला, नरसाळ्यासकट. पट्टा खुंटीवर, आणि याची नजर पट्ट्यावर. पंपावर जायची वेळ.

त्याला समजवायला गेले तेव्हा लक्षात आलं, मीही केस विंचरून, बाहेरचे कपडे घालून तयार बसले होते. आई असताना ताई वर्षातून दोनदा भेटायची. या कुत्र्यापायी दर रविवारी भेटत होती. भांडायला का होईना.

कुणी आलं नाही. चहा एकटीने घेतला.

१४ एप्रिल, रविवार

केस नखाएवढे आलेत, पुन्हा कुरळे. नरसाळं गेलं. रोज स्टीलचा कंगवा, मुळापासून. कुरकुरतो, पण करून घेतो. पलंगाखाली जातो आणि थोड्या वेळाने परतही येतो. हे मला माहीतच नव्हतं — परत येतो.

१९ एप्रिल

ताईला फोन केला. म्हटलं, "एकटीने विंचरायला जमत नाही गं." खोटं. चांगलं जमतं.

ताई म्हणाली, "रविवारी येते. कंगवा मी धरते. मांडीवर तू घे."